खुरचाफ्याच्या फांद्या ऐन दिवाळीत तोडायला लागणार, जगतील काय?

शहापूरकर | १९ ऑक्टोबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या जुन्या घराच्या परसात खुरचाफा हाय, पांढरा, मधे पिवळा. आज्जीनं लावलेला, म्हणजे बाबांच्या लग्नाच्या आधीचा. यंदा वाटणी झाली, परसाचा भाग चुलत्यांच्याकडं गेला, आता तिथं खोल्या काढणार हायत म्हणून झाड जाणार. चुलते वाईट न्हवंत, त्यांनीच बोलवून सांगितलं की तुला पायजे तेवढ्या फांद्या ने, पण दिवाळी झाली की जेसीबी येणार. मी वडगावात भाड्यानं ऱ्हातो, दारात दोन कुंड्या मावतील एवढी जागा आणि वर मालकांची गच्ची, ती वापरायला परवानगी हाय. आणि नेमकं झाड आत्ता फुललंय बगा. पावसाळाभर नुसती पानं होती, गेल्या आठवड्यापासनं तीन-चार घोस उघडलेत, रात्री परसदाराची कडी काढली की वास एकदम अंगावर येतोय. फांद्या कुठल्या घेऊ, केवढ्या घेऊ, लगेच लावू की ठेवू? आणि घोस असलेली फांदी चालतीय काय?

गोकाकचा_गडी | १९ ऑक्टोबर, रात्री १०:३१

पैला मी! चाफा म्हंजे तेच न्हवं, मोडून कुटंबी फेकलं तरी येतंय ते? आमच्या बांधावर फेकलेली फांदी आली, आता बैल बांधतोय त्याला. एवढं टेन्शन कशाला घेतासा.

तिलकवाडी_टेरेस | १९ ऑक्टोबर, रात्री ११:०५

"कुठंही फेकलं तरी येतं" हे ऐकूनच मी सात फांद्या मारल्यात दादा. रेल्वेच्या दुसऱ्या गेटजवळ एका बंगल्याबाहेर छाटलेल्या पडल्या होत्या, गुलाबी, जुलै महिना, मी स्कूटीवर घालून आणल्या आणि त्याच संध्याकाळी लावल्या, मस्त शेणखत घालून. रोज सकाळी तांब्याभर पाणी. पंधरा दिवस टवटवीत, मला वाटलं जमलं. मग एक दिवस सरळ करायला म्हणून धरली तर बोटं आत गेली, पिकलेल्या केळ्यासारखी. खालून पूर्ण काळी, आतून पाणी आणि वास असा की जेवण गेलं नाही. एकेक करत सातही गेल्या. बांधावर फेकलेली जगते कारण तिच्याकडे कोणी बघत नाही, हे मला दोन वर्षांनी कळलं.

गोकाकचा_गडी | १९ ऑक्टोबर, रात्री ११:०९

केळ्यासारखी 😂 बरं बरं, मागं घेतलो.

खानापूरची_माई | २० ऑक्टोबर, सकाळी ६:२०

शहापूरकर बाळा, माझ्या दारात पाच चाफे हायत, सगळे मी फांदीवरनं केलो. आमच्याकडं पाऊस कसा असतंय तुम्हाला माहीत हाय, जूनला सुरू झाला की गणपतीपर्यंत भिंतीला ओल, तेवढ्यात लावलेली एक बी जगत न्हाई. मी कायम शिमग्याच्या आसपास लावतो, ऊन चढायला लागल्यावर. पण तुझं तसं न्हाई, झाडच जाणार म्हटल्यावर आत्ता घ्यायलाच पायजे. घे, पण लावायची घाई करू नको. फांदी तोडलीस की चीक गळतोय, दुधासारखा, तो सगळा गळू दे, फरशीवर ठेवू नको डाग पडतंय, आणि डोळ्याला हात लावू नको. मग सावलीत उभी करून ठेव, पाऊस लागू नये अशी जागा, दहा-पंधरा दिवस. तोडलेली जागा आधी ओली पांढरी असते ती वाळून सुरकुतते आणि राखाडी होते, नखानं टकटक केलं की कडक लागलं पायजे. तवर मातीचं नाव काढू नको. पानं सगळी काढ. वडू नको हां, कात्रीनं काप, देठाचा बोटभर तुकडा ठेव, तो आपोआप गळतोय.

अथणी_अण्णा | २० ऑक्टोबर, सकाळी ७:४५

माईंनी बरोबर सांगितलं. आमच्याकडं काळी माती, कमी पाऊस, तरीबी फांद्या कुजत्यात, कारण काळी माती पाणी धरून ठेवतीय. शेतातली माती वापरू नका. वाळू, विटांचा चुरा, थोडं कुजलेलं खत, बस. आमच्या मळ्यात काम करणारा माळी एकच वाक्य सांगतोय, "नीर हाकब्याड्री". पाणी घालू नका. बाकी काय त्याला विचारलं तर हसतोय.

आणि एक. बारक्या फांद्या घ्यालच, पण मनगटाएवढी जाड एक तरी घ्या, तीन-चार फूट उंचीची. लोक हिरव्या शेंड्याच्या मागं लागत्यात. हिरवं लाकूड लवकर सडतंय. राखाडी झालेलं, खरखरीत, असलं बुड पायजे.

निपाणी_सर | २० ऑक्टोबर, दुपारी १:३०

शाळेत जीवशास्त्र शिकवत होतो, निवृत्त आहे, त्यामुळे थोडं लांबेल, माफ करा.

चाफा हे कण्हेर, सदाफुली, तगर आणि रुई यांच्याच कुळातलं झाड. या कुळाची खूण म्हणजे तो चीक. खोड मांसल असतं, त्यात पाणी आणि अन्न साठवलेलं असतं. म्हणून तोडलेली फांदी महिना-दोन महिने मुळांशिवाय जिवंत राहू शकते, आणि म्हणूनच तिला आपण वरून पाणी घातलं की ती कुजते. तिला पाणी पिण्यासाठी मुळंच नसतात, मग ते पाणी जातं कुठं? जखमेत. तिलकवाडीच्या ताईंच्या सात फांद्या तहानेनं नाही गेल्या.

आता घोसाबद्दल. घोस असलेली फांदी अवश्य घ्या, कारण चाफ्याला फुलं शेंड्यालाच येतात आणि जी फांदी एकदा फुलली आहे ती वयात आलेली आहे. तिच्यापासून केलेलं झाड एक-दोन वर्षांत फुलू शकतं. बियांपासून केलेलं तीन वर्षं किंवा जास्त घेतं आणि फूल आईसारखंच येईल याची खात्री नाही. पण फांदी तोडल्यावर घोस मात्र कापून टाका. जीव होत नाही हे मला माहीत आहे. ठेवलात तर फांदी साठवलेलं सगळं त्या फुलांवर खर्च करेल आणि मुळांना काही उरणार नाही.

झाड नेमकं आत्ता फुललंय म्हणालात त्यावर. पावसानंतरचा हा बहर आपल्या भागात हमखास असतो. मार्च-एप्रिलमध्ये पानं नसताना येतो तो मोठा बहर, मग पावसात उमललेलं सगळं झोडपून गळतं, ऊन मिळत नाही. सप्टेंबर सरता सरता ऊन पडलं की पावसाळाभर वाढलेल्या शेंड्यांना पुन्हा घोस येतात. फुलं थोडी, पण एकेक घोस दोन-दोन महिने फुलत राहतो.

शहापूरकर | २० ऑक्टोबर, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. सर, घोस कापायचं वाचून पोटात कालवलं पण कापतो. ते घोस देवाला घालतो, आज्जी पण तेच करत होती.

एक विचारायचं ऱ्हायलं. पानांच्या खाली नारिंगी पावडर हाय, बोट लावलं की बोट भगवं होतंय, पांढऱ्या शर्टाला लागलंय ते धुऊन पण गेलं न्हाई. हा रोग फांदीतनं पुढं येणार काय?

निपाणी_सर | २० ऑक्टोबर, रात्री १०:२०

तांबेरा. बुरशीच आहे, पावसाच्या शेवटी चाफ्यावर हमखास. पानांचा रोग आहे, फांदीच्या लाकडात बसत नाही. तुम्ही पानं काढणारच आहात तेव्हा ती सगळी गोळा करून जाळा, कंपोस्टमध्ये घालू नका, आणि फांद्या कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. पुढे कुंडीतल्या झाडाला वरून पानांवर पाणी मारायची सवय लावू नका. डिसेंबर-जानेवारीत पानं तशीही गळतात.

गोकाकचा_गडी | २० ऑक्टोबर, रात्री १०:४१

सर, चाफा आपलाच न्हवं? आमच्या देवळात किती जुना हाय, देवचाफाच म्हणत्यात. कन्नडात पण देवकणगिले.

निपाणी_सर | २० ऑक्टोबर, रात्री ११:१५

देवळातला असला तरी मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांचा. जहाजांबरोबर पूर्वेकडे आला असं मानतात. शास्त्रीय नाव प्लुमेरिया, शार्ल प्लुमिए नावाच्या फ्रेंच साधूच्या नावावरून. हा माणूस १६४६ ते १७०४ या काळातला, वनस्पती गोळा करत कॅरिबियन बेटांवर हिंडला. लाओस देशाचं राष्ट्रीय फूल हेच आहे. कण्हेराचा कणगिले आणि हा देवकणगिले, म्हणजे कन्नड बोलणाऱ्यांनी कुळ बरोबर ओळखलं बघा, आपण मात्र वास येईल त्या सगळ्याला चाफा म्हणून मोकळे झालो. सोनचाफा वेगळा, कन्नडात संपिगे म्हणतात तो, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला. कवठी चाफा सोनचाफ्याचा भाऊ. भुईचाफा तर हळदीच्या कुळातला. आणि खरा नागचाफा म्हणजे नागकेशर, पण हल्ली नर्सरीत नागचाफा मागितला की फण्यासारख्या पानाचा पांढरा चाफा हातात ठेवतात, तो खुरचाफ्याच्याच जातीतला, बारमाही फुलतो पण वास जवळजवळ नाही.

तिलकवाडी_टेरेस | २० ऑक्टोबर, रात्री ११:३०

माझ्याकडे तोच आहे सर, नागचाफा म्हणून साडेचारशेला घेतला 😐 आणि एकदा ऑनलाइन निळ्या चाफ्याच्या बिया पण मागवल्यात मी. हसू नका.

निपाणी_सर | २० ऑक्टोबर, रात्री ११:३४

चाफ्यात निळा रंग नाही. काय उगवलं?

तिलकवाडी_टेरेस | २० ऑक्टोबर, रात्री ११:३६

काहीच नाही. एक गवत.

खानापूरची_माई | २१ ऑक्टोबर, सकाळी ६:०५

निळा चाफा म्हणे. पोरगी चांगली हाय पण भोळी.

शहापूरकर | २६ ऑक्टोबर, रात्री ८:४०

आज गेलो. चुलतभाऊ पण आला मदतीला, करवत घेऊन. वाटणीवरनं वर्षभर आम्ही नीट बोललो नव्हतो, आज झाडावर चढून तोच फांद्या खाली देत होता, मी धरत होतो, चीक दोघांच्या हातावर, वाळल्यावर रबरासारखा निघतोय. एकूण बारा आणल्या. अकरा दीड-दीड फुटाच्या, आणि अण्णा म्हणाले तसा एक ठोंब, मनगटापेक्षा जाडच, साडेतीन फूट, वर तीन फाटे. तो ऑटोत मावेना, ऑटोवाला म्हणाला हे काय सरपण घेऊन निघालासा.

घोस कापले. सगळे मिळून एक ताट भरलं. काकूनं देवाला घातले आणि एक घोस आईला पाठवला. आता फांद्या जिन्याखाली भिंतीला टेकवून ठेवल्यात, घरभर वास नाही पण जिन्यात थोडा येतोय अजून, कशाचा काय माहीत.

प्रश्न हाच की आता थंडी येणार. पंधरा दिवसांनी लावल्या तरी नोव्हेंबर उजाडला.

निपाणी_सर | २६ ऑक्टोबर, रात्री ९:३०

बरोबर शंका आहे. मुळं फुटायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि माती उबदार लागते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, डिसेंबरच्या रात्री गार असतात. अथणीला हा प्रश्न इतका नाही. माझं मत, सगळी अंडी एका टोपलीत नको. अर्ध्या लावा, अर्ध्या तशाच कोरड्या ठेवून फेब्रुवारीत लावा. वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लॅस्टिकमध्ये नाही.

खानापूरची_माई | २७ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

मी एकदा अडीच महिने माळ्यावर ठेवलेलो. सुरकुतली होती म्हातारीसारखी, लावल्यावर परत भरली.

अथणी_अण्णा | २७ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

ठोंब लगेच लावू नका, त्याला महिनाभर वाळू द्या, जखम मोठी हाय. लावताना खोल पुरू नका, वीतभर बस. हालू नये म्हणून तीन काठ्या लावून सुतळीनं बांधा. हालला की नवीन मुळ्या तुटत्यात. कुंड्या गच्चीच्या स्लॅबवर दक्षिणेकडं तोंड असलेल्या भिंतीला ठेवा, भिंत दिवसभर तापतीय, रात्री ऊब देतीय.

तिलकवाडी_टेरेस | २७ ऑक्टोबर, सकाळी ९:००

आणि वाळू-बिळू आणायची असेल तर ३१ च्या आत आणा, १ तारखेला कर्नाटक राज्योत्सव, तुम्हाला माहीत आहे गावात काय असतं, ट्रॉली सोडा, बाईक निघत नाही.

शहापूरकर | ९ नोव्हेंबर, रात्री ९:१५

सहा लावल्या. बुडं एकदम कडक झालेली. वाळू दोन पाट्या, विटांचा चुरा एक, कंपोस्ट अर्धी. एकदा पाणी घालून निथळू दिलं, आता बंद. पाच वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर. ठोंब जिन्याखालीच. काल जेसीबी येऊन गेला. मी गेलो नाही बघायला.

गोकाकचा_गडी | ९ नोव्हेंबर, रात्री ९:४०

बरं केलासा न गेलासा ते.

शहापूरकर | ४ डिसेंबर, सकाळी ८:०२

गुड न्यूज!! दोन फांद्यांना शेंड्यावर हिरवं दिसायलंय, कोंबडीच्या नख्यांसारखं बारीक. एकाला तर दोन पानं उलगडली. मुळ्या आल्या म्हणायचं काय? आता पाणी सुरू करू?

निपाणी_सर | ४ डिसेंबर, सकाळी ११:२०

थांबा! खोडातल्या साठ्यावर पानं फुटतात, खाली मूळ नसतानाही. पानं तीन-चार इंचांची होऊन ताठ राहिली, दुपारच्या उन्हात माना टाकल्या नाहीत, तर मूळ आहे समजा. वर ओढून बघायचा मोह मात्र टाळा. आमच्या विद्यार्थ्यांनी रोज उपटून बघितलेल्या मटकीची आठवण झाली.

तिलकवाडी_टेरेस | ४ डिसेंबर, सकाळी ११:४५

मी आता पारदर्शक डब्यात लावते, श्रीखंडाचा मोठा डबा येतो ना, खाली भोकं पाडून. मुळं कडेला आली की दिसतात, पांढरी, जाड, शेवयांसारखी. ओढायची गरजच नाही. सात मारल्यावर आठवी अशीच जगवली, ती गुलाबी आता चार फूट आहे. यंदा ऑक्टोबरमध्ये घोस आला तो मे महिन्यातल्यापेक्षा कितीतरी गडद होता, मे मध्ये फिकट पडलेली फुलं, आता अगदी कुंकवाच्या पाण्यासारखा रंग. माझे डोळे की खरंच असं होतं?

निपाणी_सर | ४ डिसेंबर, दुपारी १२:१०

होतं. रंगीत चाफ्याची छटा ऊन आणि तापमानाप्रमाणे बदलते, पांढऱ्यात ते कळत नाही. आणि एक गंमत, रात्री त्या फुलाजवळ थांबा. वास रात्री वाढतो, तो मोठ्या पतंगांना बोलावण्यासाठी. पतंग येतो, सोंड घालतो, आत मध नसतोच. नुसती फसवणूक. त्या फसवणुकीतच परागकण इकडचे तिकडे होतात. शेंगा क्वचितच धरतात, धरल्या तर जोडीनं, बैलाच्या शिंगासारख्या.

शहापूरकर | २२ डिसेंबर, रात्री १०:३०

बॅड न्यूज. गेल्या आठवड्यात दोन दिवस अवकाळी पाऊस पडला, मी कामाला धारवाडला होतो, कुंड्या गच्चीवर उघड्यावर. आल्यावर बघितलं तर तीन फांद्या बुडाशी मऊ. त्यातली एक तीच, दोन पानांची.

खानापूरची_माई | २३ डिसेंबर, सकाळी ६:१५

रडू नको. उपट, आणि सुरीनं खालनं काप. काळं दिसलं तर अजून वर काप, मधला गाभा पांढरा स्वच्छ दिसेपर्यंत कापत जा. दर कापाला सुरी पुस. पांढरं लागलं की थांब, बुरशी मारायची पावडर लाव, नसली तर परत नुसती वाळव. मी असंच दीड फुटाची सात इंचाची करून जगवलो.

शहापूरकर | २४ डिसेंबर, रात्री ९:००

दोघींच्यात काळी रेघ पार शेंड्यापर्यंत गेलेली, पांढरं लागलंच न्हाई. एकीत सहा इंचावर लागलं. ती परत जिन्याखाली. दोन पानांची गेली.

अथणी_अण्णा | २४ डिसेंबर, रात्री ९:२५

चालतंय. सहात दोन म्हंजे काय जास्त न्हाई. ठोंब कसा हाय?

शहापूरकर | २४ डिसेंबर, रात्री ९:३१

ठोंब लावलाय अण्णा, डिसेंबरच्या सुरवातीला, तीन काठ्या, सुतळी. पावसात तो शेडखाली होता म्हणून वाचला. मालकांची आई रोज विचारतीय हे वाळकं लाकूड कशाला बांधून ठेवलंय, होळीला पायजे काय.

शहापूरकर | १७ फेब्रुवारी, रात्री ८:५०

माळ्यावरच्या पाच काढल्या. चार सुरकुतल्या पण दाबल्यावर टणक, एक पोकळ, हातात घेतल्यावर हलकी लागली, फेकली. चार लावल्या, कापून वाचवलेली पाचवी पण लावली. आता ऊन चांगलं हाय.

शहापूरकर | ११ एप्रिल, सकाळी ७:३०

लावलेल्या पाचांना पण पानं! नोव्हेंबरच्या तिन्ही ताठ हायत. आणि ठोंबाच्या तिन्ही फाट्यांना पालवी, वरनं बघितलं तर तीन हिरव्या चिमण्या बसल्यागत. श्रीखंडाच्या डब्यातल्या एकीची शेवई दिसली ताई. म्हणजे बारातल्या नऊ हातात. मालकांच्या आईनं ठोंबाला आता हळदीकुंकू लावलंय. होळीला मागत होत्या त्याच.

तिलकवाडी_टेरेस | ११ एप्रिल, सकाळी ७:४१

शेवईईई 🥳 आता आठवड्यातून दोनदा पाणी, माती पूर्ण वाळली तरच. आणि पावसाळ्यात आडोसा!!

खानापूरची_माई | ११ एप्रिल, सकाळी ८:००

शेणखत जास्ती घालू नको, पानंच येतील नुसती. ऊन पायजे, दिवसाचे सहा तास तरी.

अथणी_अण्णा | ११ एप्रिल, सकाळी ८:२०

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. पपईवर येतोय तोच चाफ्यावर पण बसतोय. सुरवातीलाच ओल्या फडक्यानं पुसून काढा, वाढला की आवरत न्हाई. मुंग्या चढायला लागल्या की समजा तो आला.

शहापूरकर | ६ ऑक्टोबर, रात्री ११:१८

धागा वर काढतोय, वर्ष होत आलं. पावसाळ्यात सगळ्या कुंड्या शेडखाली होत्या, तांबेरा आला, पानं काढून जाळली. एक कुंडी चुलत्यांना नेऊन दिली, नव्या खोल्यांच्या पायरीशी ठेवलीय, चुलतभाऊ म्हणतोय पाणी मीच घालणार, त्याला अण्णांच्या माळ्याचं वाक्य पाठ करायला लावलंय.

आणि आज. ठोंबाच्या मधल्या फाट्याला गेल्या महिन्यात शेंड्यात कायतर वेगळं दिसायलं होतं, पान नाही, लालसर, बोटं मिटल्यागत. मी कुणाला सांगितलं नाही. आज संध्याकाळी पहिलं फूल उघडलं. गच्चीवर लाईट नव्हती, मोबाईलचा उजेड न लावता गेलो, वासावरच सापडलं. आई दोन जिने चढून आली, गुडघे दुखतात तिचे, येऊन बसली कठड्याला टेकून, फूल तोडू दिलं नाही.

सर, घोसाच्या खाली दोन्ही बाजूला दोन डोळे फुगलेत. खुडायचे काय ते?

निपाणी_सर | ७ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

अजिबात नको. तिथूनच दोन फांद्या फुटणार.

गोकाकचा_गडी | ७ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

दादा एक फांदी ठेवा माझ्यासाठी. बांधावर फेकणार न्हाई, शपथ.

शहापूरकर | ७ ऑक्टोबर, सकाळी ९:२५

फेब्रुवारीत ये. करवत घेऊन ये, आणि फडकं.